वजनमापांची फेरी

मलकापूरला पहाटे स्वेटर घातलेला असतो.
अणुस्कुऱ्याच्या तिसऱ्या वळणावर तो काढतो,
सातव्या वळणावर शर्टाचं वरचं बटण,
पाचलला उतरेपर्यंत मान ओली.
एवढ्या वेळात शेजारच्या माणसाची
एक झोपसुद्धा पुरी होत नाही.

माझ्या पेटीत पितळी वजनं आहेत,
पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत,
मखमलीच्या खाचांत बसवलेली.
वर्षातून एकदा या तालुक्यातले तराजू तपासायचे,
शिक्का मारायचा, पावती फाडायची.
बदली मागून घ्या, कचेरीतले म्हणतात,
पाठ बघा तुमची.
दरवर्षी मी अर्ज लिहितो
आणि खिशात तसाच ठेवून बसमध्ये चढतो.

उन्हाळे गावच्या कुंडात पाय सोडले
की पोटऱ्या लाल होतात.
थोडं खाली गेलं की अर्जुना, गार, गढूळ.
दोन्ही पाण्यांची एकमेकांशी ओळख नाही.

मग चढ.
चढ संपतो तिथे झाडंही संपतात.

सडा.
वैशाखात पालथ्या तव्यासारखा,
चप्पल सोडली तर परत पाय घालवत नाही.
पण मी येतो भादवा सरताना.
तेव्हा याच कातळावर, बोटभर मातीत,
निळी-जांभळी फुलं इतकी दाटलेली
की पाऊल उचललं तर ठेवायचं कुठे हा प्रश्न.
कंडक्टर म्हणतो, गवत हो ते, महिनाभराचं.

तिथे कातळात कोरलेला एक मासा आहे.
माझ्याहून लांब, तोंड समुद्राकडे.
कुणी कोरला, गावात कुणालाच ठाऊक नाही.
त्याच्या पोटात पावसाचं पाणी,
पाण्यात बेडकांची पिल्लं.
एकदा मी पाच किलोचं वजन काढून
त्याच्या शेपटीवर ठेवलं.
का ठेवलं, सांगता येणार नाही.
आजूबाजूला कुणी नव्हतं.
पुसून परत पेटीत घातलं.

पुढे चिऱ्यांची खाण,
लाल, काटकोनी,
जमिनीत खाली खाली बांधत नेलेलं घर.
आणि मग सडा एकाएकी तुटतो.
पायांच्या पातळीला माडांचे शेंडे येतात,
त्यांच्या खाली कौलं, कौलांखाली धूर,
आणि धुराच्या पलीकडे खाडी.

नुरुद्दीनची होडी भरतीची वाट बघत असते.
पूल झाला तरी तो होडी सोडत नाही.
"घाई कसली? पाणी येतंय."
एका काठाला गुडघाभर चिखल, कांदळ, खेकडे;
दुसऱ्या काठाला पुळण, कुणी चाळून ठेवल्यासारखी.
"हात घाला आत," तो म्हणाला, "कोपरापर्यंत.
वरचं पाणी नदीचं, खालचं दर्याचं."
मी बाही न सारताच वाकलो.
कोपराला एक गारवा होता,
बोटांना दुसरा.

पलीकडे चंपावती खडपे बांगडे मांडून बसलेली.
तिच्या तराजूत वीस ग्रॅमांची खोट निघाली,
गिऱ्हाइकाच्या बाजूची.
किलोमागे वीस ग्रॅम ती फुकट देत होती,
किती वर्षं, देव जाणे.
"दुरुस्त करून देतो," मी म्हटलं.
"ऱ्हाऊंदे सायेब. हाताला सवय झालीय."
नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागतो.
मी पट्टी ठोकून काटा मध्यावर आणला,
शिक्का मारला.
ती काट्याकडे बघत राहिली,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला
मोजून झाल्यावर
वरून एक बांगडा टाकला.

परतताना वळणं उलटी मोजतो.
वर धुकं खिडकीतून आत येतं.
स्वेटर काढतो, त्याला मासळीचा वास.
मलकापूरचा चहावाला विचारत नाही,
नुसता कप थोडा लांबून पुढे करतो.

अर्ज खिशातच आहे, होडीत भिजलेला.
शाई पसरून माझं नावही वाचता येत नाही.
वाळल्यावर घडीवर मीठ धरेल
किंवा धरणार नाही.
वरचं पाणी होतं की खालचं,
जिभेला लावून बघायला हवं.